सांता मुएर्तेच्या देव्हाऱ्यात काय ठेवतात

मेक्सिको सिटीत दर महिन्याच्या 1 तारखेला तेपितो मेट्रो स्टेशनाबाहेर माणसं गुडघ्यांवर चालताना दिसतात. कुणाच्या छातीशी तान्हं मूल असतं, कुणाच्या छातीशी हातभर उंचीचा, झगा घातलेला सांगाडा. सोबतचे नातेवाईक पुढे जाऊन रस्त्यावर घोंगडी अंथरतात, आणि गुडघे पुढे सरकले की मागची घोंगडी उचलून पुन्हा पुढे टाकतात. ही सगळी माणसं आल्फारेरिया रस्त्यावरच्या 12 नंबरच्या घरी निघालेली असतात. तिथे काचेच्या मखरात माणसाच्या उंचीची सांता मुएर्ते उभी आहे. मृत्यूलाच संत मानून तिची पूजा होते. लाडाने तिला ‘ला फ्लाका’, म्हणजे हडकुळी, किंवा ‘ला निन्या ब्लांका’, म्हणजे गोरी पोर, म्हणतात.

भारतातल्या बातम्यांत ती ड्रग माफियांची देवी म्हणूनच येते. पोलिसांच्या छाप्यांत तिच्या मूर्ती सापडतात हे खरं आहे. पण 1 तारखेच्या गर्दीत फेरीवाले असतात, रात्रपाळीचे टॅक्सीवाले असतात, तुरुंगातल्या मुलांच्या आया असतात, देहविक्रय करणाऱ्या बायका असतात, आणि पोलीसही असतात. मरण कुणाचा पैसा बघत नाही की चारित्र्य, मग तिच्यापुढे उभं राहायला लाज कसली, असं यांचं साधं म्हणणं. चर्चच्या दारात ज्यांना अवघडल्यासारखं होतं, त्यांना हे म्हणणं फार जवळचं वाटतं.

ही भक्ती जुनी आहे. ग्वानाह्वातो प्रांतातल्या सान लुईस दे ला पास इथल्या आदिवासींनी ‘सांता मुएर्ते’ नावाची मूर्ती दोरीने बांधून नवस पुरा करायला धमकावलं, अशी नोंद धर्मन्यायालयाच्या 1797च्या कागदपत्रांत आहे. पुढे बराच काळ ती घराच्या आतल्या खोलीतच राहिली. केसादिया (चीज भरलेली पोळी) विकणाऱ्या एन्रिकेता रोमेरो ऊर्फ दोन्या केता यांनी 2001च्या ऑक्टोबरअखेरीस आपली मूर्ती थेट रस्त्याकडे तोंड करून मांडली. त्यानंतर भक्तांना लपून राहायची गरज उरली नाही.

घरच्या देव्हाऱ्याची सुरुवात मूर्तीपासून होते. ती मेर्कादो दे सोनोरा या बाजारात मिळते. एका हातात लांब दांड्याचा कोयता, दुसऱ्यात पृथ्वीचा गोल किंवा तराजू, पायाशी घुबड. मूर्ती उलटी करून बुडाकडे जरूर बघा. पुष्कळ मूर्तींच्या बुडात तांदूळ, मका, मसूर, नाणी असं भरून वर राळ ओतलेली असते, म्हणजे घरात धान्य आणि पैसा टिकावा. प्लास्टरच्या मूर्तीची बोटं आणि कोयत्याचं पातं आधी तुटतं. तुटलेल्या मूर्तीने आपल्यावरचा घाव झेलला असं अनेकजण मानतात, म्हणून ती कचऱ्यात टाकत नाहीत.

पहिली मूर्ती पांढरी घ्यावी, असं जुने भक्त सांगतात. पांढरा रंग शुद्धीचा आणि आभाराचा. लाल प्रेमासाठी, सोनेरी पैशासाठी, हिरवा कोर्टकचेरीसाठी, जांभळा आजारपणासाठी. काळा संरक्षणासाठी असतो, पण दुसऱ्याचं वाईट चिंतायलाही तोच वापरतात. म्हणून नवख्याने काळ्यापासून सुरुवात केली की घरचे धास्तावतात.

पाण्याचा पेला कधीही रिकामा ठेवायचा नाही. मरणाला सतत तहान असते अशी समजूत आहे, म्हणून पाणी रोज बदलतात. त्याशिवाय पाव, लाल सफरचंद, चॉकलेट, फुलं, टकीला किंवा मेस्कालचा छोटा ग्लास. कोपाल या राळेचा धूप. सिगारेट देताना दोन पेटवतात, एक तिच्यापुढे ठेवतात आणि दुसरी स्वतः ओढून धूर मूर्तीवर सोडतात. फळ नरम पडलं की लगेच काढावं, मुंग्या झाल्या तर तो हलगर्जीपणा समजला जातो.

खरा धोका मेणबत्तीचा. ‘वेलादोरा’ ही उंच काचेच्या ग्लासातली मेणबत्ती अनेक दिवस जळते. वात एका बाजूला कलली की काच तिथेच तापते, काळवंडते आणि तडकते. काळ्या काजळीला भक्त कुणाच्या तरी मत्सराचा संकेत मानतात, पण वात अर्धा सेंटिमीटर ठेवून मधोमध सरळ केली की काजळी कमी होते. ग्लास वाळू भरलेल्या ताटलीत ठेवावा. मूर्तीचा टोप आणि जाळीचा झगा कृत्रिम धाग्याचे असतात, चटकन पेट घेतात, म्हणून ज्योत झग्यापासून हातभर लांब हवी. मेणबत्ती फुंकून विझवत नाहीत, वर झाकण ठेवतात.

इथल्या नवसाला ‘मांदा’ म्हणतात. मागणी एक असावी, मुदत स्पष्ट असावी आणि फेड आपल्या ऐपतीतली. महिनाभर दारू सोडेन, नवा झगा शिवेन, मारियाची गायकांना आणून गाणी म्हणवेन, गुडघ्यांवर येईन. नवस फेडला नाही तर ती घरातलं माणूस नेते, ही भीती सर्रास सांगितली जाते आणि भोंदू लोक तिच्यावर पोट भरतात. ती सूड घेत नाही, असं तेपितोतले जाणते भक्त ठामपणे सांगतात, आणि मला तेच पटतं. दुसरा वाद शेजारच्या संतांचा. ती मत्सरी आहे म्हणून वेगळं फळकूट हवं, असं काहीजण म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत वरच्या फळीवर ग्वादालुपेची माता, म्हणजे मेक्सिकोची मारिया, असतेच, आणि 28 तारखेला सान हुदास तादेओ या अडल्यानडल्यांच्या संताच्या दर्शनाला जाणारी माणसंच 1 तारखेला इथे येतात.

तेपितोतली प्रार्थना म्हणजे कॅथलिक रोझरीच (जपमाळेची प्रार्थना), हिच्यासाठी बदललेली. वसईच्या वाचकांना ‘नमो मरिया’चा क्रम लगेच ओळखता येईल. तुरुंगातल्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मागणं असतं, शेवटी सगळे हात धरून साखळी करतात आणि आपापल्या मूर्ती उंच धरतात. अनोळखी माणसं एकमेकांना गोळ्या, सफरचंदं, फुलं देत राहतात. कुणी दिलं तर नाकारू नका.

चर्चला हे मान्य नाही. ख्रिस्ताने मरणावर विजय मिळवला, मग मरणाची पूजा कशी, हा त्यांचा मुद्दा. 2013मध्ये व्हॅटिकनचे कार्डिनल राव्हासी यांनी याला ईश्वरनिंदा म्हटलं. सरकारनेही 2005मध्ये या भक्तीशी जोडलेल्या एका चर्चची नोंदणी रद्द केली, आणि 2009मध्ये उत्तर सीमेवरची डझनावारी देवळं बुलडोझरने पाडली. भक्ती त्याने थांबली नाही.

नोव्हेंबरच्या ‘मृतांच्या दिवसा’शी मात्र तिची गल्लत करू नका. तो सण आपल्या मृत नातेवाइकांचा आहे आणि फुलांची टोपी घातलेली सांगाड्याची बाई, कात्रिना, हे पोसादा या चित्रकाराचं व्यंगचित्र. तिच्याकडे कुणी नवस बोलत नाही.

इथे पर्यटक म्हणून यायचं असेल तर 1 तारखेला दुपारी, उजेडात, कुणा ओळखीच्या स्थानिकासोबत या. तेपितोचा बाजार चोरीसाठी कुप्रसिद्ध आहे, त्यामुळे फोन आणि पाकीट आतल्या खिशात. कुणाच्या हातातल्या मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि गुडघ्यांवर येणाऱ्याची वाट अडवू नका. मखरापुढे ठेवायला एक पांढरं फूल पुरतं.