आमची वाटचाल: मोटर रिवाइंडिंगपासून हॉट टबपर्यंत

बाबांचं गोव्यात म्हापशात मोटर रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळायचं) दुकान, विहिरीचे पंप, बोअरचे पंप हेच काम. मग बार्देशात व्हिला वाढले, आसगाव, शिवोली, हणजूण सगळीकडे स्विमिंग पूल आले, आणि आम्ही पंप बसवायला गेलो की मालक हमखास विचारणार, पाणी हिरवं का झालंय हो, असं करत करत आम्ही पाण्याच्या कामात शिरलो. २०२० नंतर मुंबई-दिल्लीची बरीच माणसं इथं येऊन राहिली तसे घरोघरी हॉट टब, म्हणजे जेटमधून पाण्याचे झोत मारणारे, बसायचे गरम पाण्याचे टब, दिसायला लागले. त्याची देखभाल पूलवाल्याकडेच, म्हणजे पूलमध्ये टाकतो तीच ट्रायक्लोरची, म्हणजे क्लोरीनची, गोळी टबात. तिच्यात सायन्युरिक ॲसिड असतं, उन्हातल्या पूलला ते बरं, पण झाकलेल्या टबात साठत जातं आणि क्लोरीनचा जोर कमी करतं. म्हणून ठरवलं की हे काम वेगळं धरायचं आणि नीट शिकून करायचं.

पाणी ३८-४० डिग्रीला, त्यात क्लोरीन भराभर उडतं, आणि हजार-दीड हजार लिटरमध्ये चार माणसं बसली, वर समुद्रावरून आलेलं सनस्क्रीन आणि केसांचं तेल, की फेस आलाच. आम्ही क्लोरीन ३ ते ५ पीपीएम (दहा लाख भागांत तीन ते पाच भाग), पीएच म्हणजे पाण्याची आम्लता-क्षारता ७.२ ते ७.८ ठेवतो. जेट चालले की पीएच आपोआप चढतो म्हणून तो प्रत्येक व्हिजिटला मोजायचा, आणि मालकासमोर मोजून वहीत लिहायचा, हा नियम पहिल्यापासून आहे. क्लोरीनचा उग्र वास आला की लोक म्हणतात जास्त पडलं, खरं तर बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, घामाबरोबर मिसळून वापरल्या गेलेल्या क्लोरीनचा तो वास.

पण आमचं खरं काम पाइपात आहे. पाणी आरशासारखं दिसतं आणि आत जेटच्या पाइपांना बुळबुळीत थर धरलेला असतो, त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू वाढतो, अंगावर पुरळ येते, आणि लिजिओनेला हा दुसरा जंतू तर जेटच्या तुषारांमधून श्वासातून फुप्फुसात जातो, वयस्कर माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टब रिकामा करण्याआधी जुन्या पाण्यातच पाइप क्लीनर घालून जेट चालवायचे, वर तपकिरी पापुद्रे आणि घाण फेस येतो, मालक तो बघतात आणि मग पुढचं बोलायला लागत नाही. घरच्या वापराला दर तीन-चार महिन्यांनी पाणी बदला, भाड्याच्या व्हिलात पाहुणे सारखे बदलतात तिथं त्याच्या कितीतरी आधी. हे परवडत नाही म्हणणारं काम आम्ही सोडलंय, त्याचं वाईट वाटत नाही. फिल्टर दर आठवड्याला साध्या नळीने धुवायचा, प्रेशर वॉशर मुळीच नको, फिल्टरच्या पट्ट्या फाटतात. शॉक, म्हणजे एकदम जास्त डोस, दिला की झाकण थोडा वेळ उघडं ठेवायचं, नाहीतर झाकणाचं रेक्झिन खराब होतं.

इथल्या बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं, क्लोरीन पडलं की पाणी चहासारखं होतं, म्हणून भरतानाच नळीला फिल्टर लावतो. आणि सोडायचं पाणी क्लोरीन शून्यावर आल्याशिवाय सोडत नाही, आणि विहिरीपासून लांब सोडतो, शेजारची माणसं तेच पाणी पितात हो.

आता टीममध्ये पेडण्याची आणि सत्तरीची मुलं आहेत. त्यांना पहिलं शिकवतो ते हे की ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपो (हेही क्लोरीनचंच, पण वेगळं रसायन) कधीही एका डब्यात, एका चमच्याने नाही, आग लागते. पावसाळ्यात जे मालक येणार नसतात त्यांचे टब जूनच्या आधी पूर्ण रिकामे करून, पाइप हवेने कोरडे करून, हीटरचा ब्रेकर बंद करून ठेवतो, चतुर्थीला येणार असतील त्यांनी आठवडाभर आधी फोन करावा.