आप्पांचे आजारपण आणि सोळावे वचन

बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील चौदावे वचन आमच्या नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत लहानथोर सर्वांना पाठ असते. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतील नेमलेल्या ज्येष्ठांना, बोलवावे आणि त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे ते सांगते. पंधरावे वचनही साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे मंडळीपुढे सांगताना, हमखास उच्चारले जाते, कारण विश्वासाच्या प्रार्थनेने आजारी मनुष्य उठेल हे अभिवचन त्यात आहे. सोळाव्या वचनापाशी मात्र आपले वाचन थांबते. आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल, असे याकोब लगेच पुढे लिहितो. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, आजारपणात या वचनाने आमच्या घरात जे घडवले ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते. आप्पा आता प्रभूकडे गेले आहेत. माझे वडील आणि आत्या या दोघांनीही हे लिहिण्यास संमती दिली आहे.

आप्पांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका नातेवाइकाच्या आग्रहाने त्यांना तालुक्याच्या गावी चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, नेण्यात आले. तेथील उपदेशकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि ते उठून चालू लागले नाहीत तेव्हा त्यांचा विश्वास कमी पडत आहे, गोळ्यांवर भरवसा ठेवणे हेच त्याचे चिन्ह आहे, असे सर्वांदेखत सांगितले. आप्पांनी घरी येऊन रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. माझी आत्या आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केलेली, ती दुसऱ्याच दिवशी येऊन धडकली आणि म्हणाली, "आप्पा, प्रार्थना मीही करते, पण गोळी एक दिवस चुकवायची नाही." गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण आपल्यात विश्वास नाही हा सल आप्पांच्या मनातून काही केल्या जाईना.

आजारी माणसावर असे ओझे लादणाऱ्या शिकवणीचा मला मनापासून राग येतो, आणि तो शास्त्राच्या आधारानेच येतो. कफर्णहूमातील त्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडले, तेव्हा येशूने कोणाचा विश्वास पाहिला? मार्कने आपल्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिले आहे की त्याने त्यांचा, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचा, विश्वास पाहिला. खाटेवर पडलेल्याच्या विश्वासाची मोजदाद तेथे कोणी केली नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे विचारले, तेव्हा ना याने ना त्यांनी, असे उत्तर मिळाले. आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगणारा प्रेषित पौल त्याला विश्वासात उणा ठरवत नाही. त्याच पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिला. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला तर हे परके असण्याचे कारणच नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून पिढ्यानपिढ्या आपल्या घरांतील मुलीबाळी परिचारिका झाल्या आहेत आणि रुग्णाच्या उशाशी त्यांनी औषधही दिले, प्रार्थनाही केली.

आमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, हे सारे जाणून होते. आप्पांनी तैलाभ्यंगाची इच्छा बोलून दाखवल्यावर ते मंडळीच्या दोन वडिलांना घेऊन संध्याकाळी घरी आले. तेल लावण्याआधी त्यांनी याकोबाचा उतारा वाचला आणि सोळावे वचन संपेपर्यंत पुस्तक मिटले नाही. मग ते इतकेच म्हणाले की येथे दुखणाइताने एकट्याने कबुली द्यावी असे लिहिलेले नाही, एकमेकांजवळ द्यावी असे लिहिले आहे, आणि आपण सर्व जण थोडा वेळ शांत बसू.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, उभे राहिले. आजोबा मृत्युपत्र न करता वारले तेव्हा आप्पा मुंबईत गिरणीत कामाला होते. त्या वेळी वारसनोंद करताना दादांनी विहिरीकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर केवळ स्वतःचे नाव लावून घेतले. शेत मी कसतो, थोरला शहरात कमावतो, असे त्यांनी स्वतःला समजावले होते. आप्पांना हे पुढे कळले आणि दोन घरांतील येणेजाणे वर्षानुवर्षे तुटले. नाताळच्या उपासनेला दोघे भाऊ मंदिराच्या दोन टोकांना बसत. ही गोष्ट गावाला ठाऊक होती, पण दादांच्या तोंडून तिची कबुली कोणी ऐकली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी ती आप्पांचा लुळा हात हातात धरून दिली.

ही कथा येथेच संपली असती तर ती आपल्या नेहमीच्या साक्षींसारखी झाली असती. आप्पा रडले, त्यांनी मान हलवून क्षमा केली, आणि मग अडखळत, एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारले, "आणि ताईचं काय?"

आत्या सर्वांत थोरली. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, पण आमच्या घरात, आसपासच्या बहुतेक घरांप्रमाणे, तो विचार कोणाच्या मनाला शिवलाही नव्हता. आप्पा एवढी वर्षे भावाने लुबाडले म्हणून झुरत होते, पण त्यांच्या तक्रारीतही जमिनीचे वाटे दोनच होते. अन्याय झालेल्या माणसाने, अंथरुणावर असताना, आपणही त्याच अन्यायात सामील होतो हे ओळखावे, याला मी पवित्र आत्म्याचे काम मानतो. दोघा भावांनी तिची क्षमा मागितली. ती लगेच काही बोलली नाही, आणि तिने लगेच बोलावे असा आग्रह पाळकांनीही धरला नाही. त्यानंतर आप्पांच्या कपाळाला तेल लावून प्रार्थना झाली.

बायबलमधील जकातदार जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा चौपट परत करण्याची भाषा केली. अश्रूंवर भागवले नाही. दादांनीही पुढच्या आठवड्यापासून तलाठी कार्यालयाच्या खेपा सुरू केल्या. अर्ज, वंशावळ, नोटिसा असे करत फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर तिघांची नावे लागायला पुष्कळ महिने लागले, आणि घरातल्या काही तरुणांना हे रुचले नाही, हेही लिहिले पाहिजे.

आप्पा बरे झाले का, असे लोक विचारतात. रोजच्या व्यायामाने आणि आत्याच्या धाकाने ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालू लागले. हात पूर्ववत झाला नाही, वाचा पूर्ण सुटली नाही. त्यांची झोप परत आली, आणि आपल्यात विश्वास नाही हे त्यांनी पुन्हा कधी म्हटले नाही. मी याला प्रभूने दिलेले आरोग्य मानतो, आणि शरीराचे आरोग्य अपुरे राहिले हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृती झाली तेव्हा मुलींनी रडून आपली पापे कबूल केली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. तिच्यासाठी प्रार्थना कमी झाली असेल, असे कोण म्हणेल? रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर पुढे नेले आणि १९२२ साली त्याही प्रभूकडे गेल्या.

आमच्या मंडळीत साक्षीच्या वेळी दादा आता उभे राहतात, तेव्हा आप्पांच्या चालण्याआधी सातबाऱ्याची गोष्ट सांगतात. काहींना ते अवघड वाटते. मागच्या वर्षी एका कुटुंबाने मात्र आजाऱ्यासाठी पाळकांना बोलावण्याआधी आपल्या दोन बहिणींना निरोप धाडला. आत्याने तिचा वाटा विकला नाही. ती तो आप्पांच्या मुलाला अर्धलीने कसायला देते, आणि सुगीला हिशेबाची वही स्वतः तपासते.