आंगणेवाडीच्या जत्रेला कधी यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवाळी सरली की मुंबईची मंडळी फोनवर एकच विचारतात, "यंदा आंगणेवाडीची जत्रा कधी?" आरक्षण काढायचं असतं, रजा टाकायची असते.

पण आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. शेतीची कामं उरकली की देवळात डाळपविधी, म्हणजे जत्रेआधीचा विधी होतो, मग पारधीसाठी, म्हणजे शिकारीसाठी देवीचा कौल घेतात, तिची अनुमती मागतात. पारध साधली की गावकरी एकत्र बसून तारीख ठरवतात. बहुतेकदा ती फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येते. तारीख एकदाची कायमची ठरवून टाकावी, असं काहीजण सुचवतात. मला ते मुळीच पटत नाही. लाखो माणसं ज्या दिवसाकडे डोळे लावून बसतात, तो दिवस देवीला विचारून ठरतो, याचंच मला मोठं अप्रूप आहे. चाकरमान्यांच्या रजेसाठी ते मोडू नये.

आणि एवढ्या गर्दीत यावं का? नुसतं दर्शन हवं असेल तर एरवी या. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावची ही वाडी. कणकवलीला उतरून रस्त्याने येता येतं. निवांत ओटी भरा, गाऱ्हाणं घाला.

जत्रेला यायचं ते आंगण्यांच्या बायकांसाठी. देऊळ आंगणे कुटुंबीयांचं, पण दार सगळ्यांना उघडं. त्या दिवशी वाडीतल्या घराघरांत सासुरवाशिणी, माहेरवाशिणी देवीचा नैवेद्य रांधतात, तोंडातून एक शब्दही न काढता. चूल पेटवण्यापासून ताट वाढेपर्यंत सगळं मुक्यानं, नुसत्या नजरेनं. रात्री दर्शनाची रांग थांबते आणि त्या ताटं घेऊन देवळाकडे निघतात. आजूबाजूला खाजा या मिठाईची दुकानं, भोंग्यावर चुकल्या पोरांची नावं पुकारणं चालू, आणि एवढ्या गजबजाटात त्या ओठ मिटून चालत असतात. मला दरवेळी भरून येतं. नैवेद्य दाखवला की तोच प्रसाद आलेल्यांना वाटला जातो. कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. तो घेतल्याशिवाय परतू नका, कितीही उशीर झाला तरी.

जत्रा दीड दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी मोडजत्रा, म्हणजे जत्रेची सांगता. आरक्षणाची घाई करू नका. तारीख जाहीर झाली की कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, एसटीच्याही फेऱ्या वाढतात.