दोन आकडे

त्या स्की मी आदल्या हिवाळ्यात दोनदा तपासून दिल्या होत्या. दोन्ही वेळा बूट नीट बसत होता, मशीनवर पिळून पाहिला तर ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे पिळाच्या जोराला, स्कीवरून सुटत होता, टाचेमागचा दाबही बरोबर होता. शेरा मारला आणि स्की परत केल्या. म्हणूनच त्या बाई तिसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये आल्या तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

‘‘दोन फेऱ्यांत मांड्या भरून येतात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वळण आपणहून सुरूच होत नाही, ओढून न्यावं लागतं. शिकवणारे सांगतात, मागे रेलू नका, नडग्या बुटाच्या जिभेवर टेकवा. या स्की बहिणीकडून घेतल्या तेव्हापासून हेच ऐकतेय. आता वाटतं, माझ्या शरीरालाच हे जमत नसेल.’’ शेवटचं वाक्य त्या इतक्या सहज बोलल्या की मला फार वाईट वाटलं.

आधी त्यांना नुसते बूट घालून फरशीवर उभं केलं. गुडघे वाकवले तरी तोल चवड्यावर छान राहत होता. म्हणजे बुटाची तक्रार नव्हती. मग स्की टेबलावर घेतली. बुटाच्या तळाशी, बाजूला, मध्याची खूण असते. स्कीवरही कंपनीने आखलेली रेघ असते. या दोन जुळल्या पाहिजेत. बूट बसवून पाहिला, तर खूण रेघेच्या चक्क दीड सेंटिमीटर मागे होती.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, रेलवर सरकणारं होतं. अशा बाइंडिंगमध्ये पुढचा भाग आणि टाचेचा भाग, दोन्ही हलतात आणि दोन्हींवर बुटाच्या तळाच्या लांबीचे आकडे असतात. बुटावर 305 मिलिमीटर छापलेलं. म्हणजे दोन्हीकडे 305 हवं. पुढे होतं 275. मागे होतं 335.

बहिणीचा पाय लहान, तिच्या बुटाचा तळ 275 चा. स्की यांच्याकडे आल्यावर कुणीतरी फक्त टाचेचा भाग मागे सरकवला होता. पुढचा भाग जागचा हललाच नाही, त्यामुळे वाढलेल्या तीस मिलिमीटरपैकी निम्मं, म्हणजे पंधरा मिलिमीटर, बुटाचा मध्य मागे गेला. दोन भागांमधलं अंतर मात्र बुटाला अगदी बरोबर, म्हणून दाबही बरोबर आणि बूटही हवा तेव्हा सुटतो. माझी प्रत्येक तपासणी या स्की पास होत होत्या. स्की सुरक्षित आहे का, एवढंच मी विचारत होतो. माणूस तिच्यावर उभा कुठे आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

दीड सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं. पण वळण सुरू होतं ते स्कीच्या पुढच्या भागाची कड बर्फात धरली की. पाय मागे असला तर तिथे भारच पोचत नाही. मग अंग सतत पुढे ढकलून ठेवावं लागतं आणि ते सगळं मांड्यांवर येतं. ‘पुढे झुका’ हा सल्ला चुकीचा नव्हता. पण आधी टेबलावर पाहायला हवं होतं.

मी लगेच दुरुस्त करून दिलं नाही. ‘‘आकडे झाकतो,’’ म्हणालो, ‘‘कुठे बसवलंय ते सांगणार नाही. तुम्ही फक्त कसं वाटलं ते सांगा.’’ आकड्यांवर काळी चिकटपट्टी लावली आणि उताराच्या पायथ्याशी उभा राहिलो. पहिल्या फेरीला बूट बरोबर रेघेवर. त्या खाली आल्या आणि काही न बोलता पुन्हा वर गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, ‘‘नुसतं बघितलं तिकडे, आणि स्की वळली.’’ मग रेघेच्या एक सेंटिमीटर पुढे. वळणं आणखी चटकन होत होती, पण वेगात टोकं भिरभिरतात आणि मागे आधार कमी वाटतो म्हणाल्या. माझा अंदाजही तोच होता. तिसऱ्यांदा मी पुन्हा जुन्या जागी नेलं. अर्ध्या उतारावर त्या थांबल्या. खाली येऊन माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘हे तेच आहे. माझं नेहमीचं.’’

शेवटी रेघेवरच ठेवलं. दोन्ही भाग 305 वर आणून टाचेमागचा दाब पुन्हा पाहिला, मशीनवर बूट पुन्हा सोडवून पाहिला. जागा बदलली की हे टाळता येत नाही. खोल, ताज्या बर्फात टोकं बुडायला लागली तर थोडं मागे घेऊन बघू, तेही सांगितलं. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. कंपनीची रेघ ही सुरुवातीची जागा आहे, असं माझं मत आहे.

आदल्या हिवाळ्यात हे माझ्या नजरेतून दोनदा सुटलं, हेही सांगितलं. त्या जरा वेळ बुटाची बक्कल उघडत-लावत राहिल्या. मग विचारलं, ‘‘उतार किती वाजता बंद होतो?’’

चाळीस मिनिटं होती. त्या निघाल्या. मी टेबलावरची पुढची जोडी घेतली आणि मशीन लावायच्या आधी दोन्ही आकडे वाचले.