हजेरीपटावरच्या लाल खुणा

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक चटईचा कारखाना आहे. आमचा म्हणजे शेठचा; मी तिथला मॅनेजर. ४२ माणसं, दोन पाळ्या. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, आत दाणा वितळवणाऱ्या एक्स्ट्रुडरची धग वेगळी. मे उजाडला की हजेरीपटावर लाल खुणा वाढायच्या. लगीनसराई आहे, असं सगळे म्हणायचे. मीही तेच धरून चाललो होतो.

२०२३ च्या मेअखेर मी दोन वह्या शेजारी ठेवल्या, एक हजेरीची, एक नापास मालाची. चटई विणणाऱ्या लूमवरचा (मागावरचा) जुना माणूस घरी बसला की बदलीचा पोरगा बसवायचा. त्याच्या हातून चटईची किनार वाकडी आणि डिझाइन सरकलेलं. तो माल भंगारात, वीज वाया ती वाया. शेठपुढे मी आरोग्याचं नावच काढलं नाही, नुसती ही बेरीज ठेवली. आरोग्य म्हटलं असतं तर त्यांनी दिवाळीच्या मिठाईच्या डब्याची आठवण करून दिली असती.

कामगारांच्या आरोग्य तपासणीला पैसे मंजूर झाले. रविवारी तपासणी ठेवली, आले सात जण. सगळ्यात जुने लूमवाले आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, बीपी निंघना ते माले काढी टाकशात का?" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढची तपासणी कामाच्या वेळात, पगार न कापता, आणि रिपोर्ट बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात. मला डॉक्टरांनी फक्त किती जणांना त्रास आहे तो आकडा सांगायचा, नाव नाही. या वेळी जवळपास सगळे आले. आप्पांनी आपला कागद स्वतःहून दाखवला: १८०/११०. १४०/९० पासून पुढे रक्तदाब वाढलेला धरतात. "माले ते काहीच व्हत नही," हेच त्यांचं पालुपद.

खरी दमछाक ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात झाली. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांचे दर महिन्याला ०.७५ टक्के कापले जातात, ३.२५ टक्के आम्ही भरतो. तरी चक्कर आली की माणूस खासगीत जाऊन सलाइन लावून यायचा. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळू शकतो, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मला तरी कुठे होतं! कार्डं काढून बघितली तर कुणाचं आधारवरचं नाव जुळेना, कुणाच्या कुटुंबात बायकोच नाही. दुरुस्त्यांत पावसाळा गेला.

पाण्याचं काम त्या मानाने सोपं निघालं. उन्हाळ्यात थंड पाण्याची सक्ती कारखाना कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगारांना होती; ४२ माणसांच्या कारखान्याला कुणी विचारलंही नसतं. आमचा जुना माठ गेटपाशी होता, तिथवर जायचं तर लूम थांबणार, म्हणून माणसं तहान मारायची. नवा कूलर लूमच्या रांगेतच बसवला, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यायचा. लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ असं पाणीही ठेवलं. पहिल्या दिवशी कुणीतरी अंदाजाने मीठ टाकलं आणि पिंप ओतून द्यावं लागलं. बीपीवाल्यांना मात्र साधंच पाणी. गाड्या भरायचं काम सकाळी दहाच्या आत उरकायला लागलो.

शेठच्या आवडीचा योगवर्ग आठवड्यात बंद पडला. आठ तास उभं राहिलेल्या माणसाला पुन्हा ताडासन कोण घालेल? तपासणीबरोबर आलेल्या आहाराच्या छापील कागदावर ओट्स होते. आप्पांनी त्यात कळण्याची भाकरी गुंडाळून आणली. लोणचं मात्र सुटलं, ते सुनेने सोडवलं.

२०२४ च्या मेमध्ये लग्नं होतीच, सुट्ट्याही झाल्या. पण बदलीचा पोरगा लूमवर बसला मोजून चार दिवस. वर्षअखेरीला अकाउंटंटने विचारलं, कूलर, डॉक्टर, साखर हा खर्च कोणत्या खात्यात टाकू? शेठ वहीतून मान वर न करता म्हणाले, "मशीन मेंटेनन्सला टाक."