उलटा तक्ता

काकांच्या हातून पेनाचं टोपण दोनदा हुकलं. प्रवासभाड्याच्या पावतीवर सही झाली, पेन मिटायला गेले आणि टोपण पेनाच्या शेजारून हवेत निघून गेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने पेनाचं टोक चाचपलं आणि मग टोपण बसवलं. मी बघत होते, पण माझं निम्मं लक्ष पावतीवर होतं.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. सांगलीत या दिवसांत सकाळी कृष्णेकडून धुकं येतं आणि ओपीडी सुरू झाली तरी बाकावरची माणसं कानटोप्या काढत नाहीत. काका पलूसकडचे. वय बासष्ट, चार एकर ऊस, थोडा शाळू, दोन म्हशी. सोबत मुलगा सदा आणि कापडी पिशवीत डॉक्टर मॅडमसाठी हुरडा. मॅडम सकाळपासून तीनदा विचारून गेल्या होत्या, "पलूसचे काका आले का?"

काकांची तीन महिन्यांची तपासणी त्या दिवशी होती. मॅडम आमच्याकडे शिकायला आलेल्या निवासी डॉक्टर. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, शेतात डोळ्याला काही लागून बुबुळावर बुरशीची जखम झालेले पेशंट आणि तीन महिन्यांनी त्यांना दिसतं किती. इथिक्स कमिटीची परवानगी, मराठीतलं माहितीपत्रक, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी त्रयस्थ साक्षीदार, सगळं रीतसर. काकांना सही येते, वाचता येत नाही. त्यांच्या कागदावर साक्षीदार म्हणून आमच्या सिस्टरची सही आहे. एवढ्या सगळ्या कागदांचा गाभा म्हणजे शेवटी एक आकडा, आणि तो लिहायची मी. मी नंबर काढते. अकरा वर्षं झाली. माणसाला तक्त्यासमोर बसवायचं, एक डोळा झाकायचा, छडी लावायची आणि तो सांगेल ते लिहायचं.

काका पहिल्यांदा आले ते ऑक्टोबरमध्ये. उसाचा पाला काढताना पातं डाव्या डोळ्याला लागलं होतं. उसाचं पातं वरून साधं दिसतं, पण त्याची कड करवतीसारखी असते. डोळा लाल झाला, पाणी यायला लागलं, तेव्हा दुकानातून "लाल डोळ्याचं औषध" आणलं. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने आधी बरं वाटतं हीच त्याची खोड. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस म्हणतो औषध लागू पडलं. आत बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. आठवड्याने घरच्यांना बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. गावात याला "फूल पडलं" म्हणतात. मग एसटी, मग आम्ही.

मॅडमनी डोळा बधिर करून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, जखमेच्या कडेचा किंचित चुरा खरवडला. थोडा काचपट्टीवर घेतला, थोडा बुरशी वाढवायच्या लाल माध्यमावर 'सी' अक्षराच्या रेघा ओढून लावला. रेघांवर उगवलं तर ते डोळ्यातलं, रेघांबाहेर उगवलं तर हवेतलं, असा तो हिशेब. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी राहते. मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. पारदर्शक, फांद्या फुटलेले धागे आणि प्रत्येक धाग्याला मधे मधे आडवी पेरं. मी म्हटलं, "हा तर ऊसच आहे." काही दिवसांनी रेघांवर उगवलं ते फ्युझेरियम, बुरशीची एक जात.

औषध नॅटामायसिन. जागेपणी दर तासाला एक थेंब. हे औषध पाण्यात विरघळत नाही, बाटलीच्या तळाशी बसतं. हलवून घातलं नाही तर डोळ्यात नुसतं पाणी जातं. घातल्यावर पापणीच्या कडेला दह्याच्या साक्यासारखं पांढरं साचतं आणि पेशंट घाबरून पुसून टाकतात. म्हणून मॅडम रोज संध्याकाळी सदाला फोन करायच्या. "बाटली हलवली का? पांढरं पुसलं नाही ना?" पंधरा दिवस हा फोन चुकला नाही.

मॅडमच्या तोंडी एक अभ्यास सतत असायचा. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर झालेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. अशाच बुरशीच्या जखमांचे ३२३ पेशंट. काहींना जुनं नॅटामायसिन, काहींना नवं व्होरिकोनाझोल. कुणाला कुठलं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं. व्होरिकोनाझोल डोळ्यात आतवर शिरतं म्हणून त्याच्याकडून आशा मोठी होती. सरस ठरलं नॅटामायसिन, आणि फ्युझेरियमवर तर फारच. पण किती फरकाने? तीन महिन्यांनी मोजलेल्या दृष्टीत सरासरी तक्त्याच्या दोन ओळीही नाहीत. फ्युझेरियमच्या पेशंटांत साधारण चार ओळी. आणि तिथे नजर मोजणाऱ्याला कुठल्या डोळ्यात कुठलं औषध गेलंय याचा पत्ता लागू दिला नव्हता. मॅडमच्या प्रबंधात अशी तुलना नव्हती, सगळ्यांना एकच औषध. पण त्या म्हणायच्या, "ताई, जगभरचे डॉक्टर आज काय लिहून देतात ते असल्या दोन-चार ओळींवर ठरतं." मी हसायचे. अकरा वर्षांत माझ्या ओळींना इतका भाव कुणी दिला नव्हता.

तर काका. आले तेव्हा डाव्या डोळ्याने एक मीटरवरची बोटं कशीबशी मोजत होते. सहा आठवड्यांनी सहा छेद अठरा, म्हणजे चांगल्या डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून. फूल राहिलं होतं, पण बुबुळाच्या मधोमध नव्हतं, जरा खाली होतं, म्हणून तो आकडा कुणाला खटकला नाही. मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला होता.

आता पुन्हा तक्ता. उजवा डोळा आधी, नेहमीप्रमाणे. सहा छेद नऊ, छान. मग उजवा झाकला. मी छडी उचलायच्या आत काका सुरू झाले.

"उजवीकडं. वर, डावीकडं. खाली, उजवीकडं, वर. डावीकडं, वर, खाली, उजवीकडं."

आमचा तक्ता 'ई'चा, न वाचणाऱ्यांसाठी. 'ई'चे दात कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. वरच्या ओळीत एक मोठा, मग दोन, मग तीन, मग चार. सहा छेद अठरापर्यंत एकूण दहा. दहाही बरोबर. न बघता ठोकून दिले तर दहाही बरोबर यायची शक्यता दहा लाखांत एक, त्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती. मी पेन उचललं.

पण ज्याच्या बुबुळावर फूल आहे तो असं वाचत नाही. तो मान वाकडी करतो, डोळा बारीक करतो, "थांबा हां" म्हणतो, चुकतो, सुधारतो. काकांनी भजनाच्या ठेक्यात वाचलं होतं. आणि तेव्हा ते टोपण आठवलं. दोन्ही डोळे चांगले चालत असले की माणसाला टोपण बसवताना असं चाचपावं लागत नाही.

मी म्हटलं, "काका, डोळा झाकलेलाच ठेवा." उठून भिंतीशी गेले, तक्ता खिळ्यावरून काढला आणि उलटा टांगला. आता मोठा 'ई' तळाला आणि वर अगदी बारीक अक्षरांची ओळ, जी चांगल्या डोळ्याच्या माणसालाही नेट लावून वाचावी लागते. छडी त्या बारीक ओळीवर ठेवली.

"सांगा."

"उजवीकडं," काका म्हणाले. "वर, डावीकडं. खाली, उजवीकडं, वर..."

मागे उभा असलेला सदा फिस्सकन हसला. "आवो तात्या, तक्ता उलटा हाय की!" आणि लगेच त्याचं हसू गेलं.

खोलीत काही वेळ कुणीच बोललं नाही. काकांनी डोळ्यावरचा काळा चमचा खाली घेतला आणि उजव्या डोळ्याने तक्ता बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "आता काय बोलायचं."

मी दोन मीटरवर उभी राहून बोटं दाखवली. तेवढी मोजता आली. तीन मीटरवर नाही. हाच खरा आकडा.

आधी म्हणाले, मॅडमनी इतकं केलं, रोज फोन, औषध फुकट, भाडंसुद्धा देतात; दिसत न्हाई म्हटलं तर पोरीला वाईट वाटलं असतं. पाठ कसं केलं विचारलं तर उलट मलाच म्हणाले, "भजनात चाळीस वर्सं टाळ धरलाय ताई. ह्या धा दिशा काय घेऊन बसलाय? उजव्या डोळ्यानं एकदा वाचलं की झालं." हे सगळं खरंच होतं. पण सदा खाली बघून म्हणाला, "मॅडमचं सोडा. गाडीचं सांगा."

गाडीचं असं होतं. काका पहाटे पाचला मोटारसायकलला किटल्या बांधून डेअरीला दूध घालतात. डोळ्याला लागल्यावर सदाने चावी काढून घेतली होती. सहा आठवड्यांच्या तपासणीला त्याने मला विचारलं होतं, "तात्यांना गाडी दिली तर चालंल का?" मी कागद बघितला होता. माणूस नाही, कागद. "दिसतंय की बऱ्यापैकी," असं म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. तेव्हापासून काका अंधारात, धुक्यात, उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्याने एका डोळ्यावर गाडी चालवत होते. हंगामातल्या त्या ट्रॉल्या, मागे दिवा असला तर असला.

सदाने हात पुढे केला. काकांनी खिशातून काळ्या दोऱ्याची चावी काढली, त्याच्या तळहातावर ठेवायला गेले आणि ती खाली पडली. सदानेच उचलली.

मॅडमना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुन्हा स्लिट लॅम्पवर बघितलं. फूल खालीच होतं, पण त्याने वरचं बुबुळही ओढलं जाऊन वेडंवाकडं झालं होतं. कपबशीच्या तड्यातून बघावं तसं. हे आधीच धरायला हवं होतं, असं त्या स्वतःवरच चिडून म्हणाल्या. माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या वेळी चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. काकांना त्यांनी समजावलं की चष्म्याने यात फारसा फरक पडणार नाही, डोळा पुरता शांत झाला की नेत्रदानात मिळालेलं बुबुळ बसवता येतं, पण त्यालाही नंबर लागतो आणि तुम्ही सहा छेद अठरा सांगत बसलात तर तो नंबर कुणी लावणार नाही. "मग लावा," काका म्हणाले. "पर सुगी झाल्यावर."

संशोधनाच्या कागदावर खाडाखोड करायची एक रीत आहे. पांढरी शाई लावायची नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी सही, तारीख, कारण. मी आजच्या आकड्यावर रेघ मारली आणि खरा लिहिला. सहा आठवड्यांच्या रकान्यापाशी हात थांबला. तो आकडा खोटा होता हे कळलं होतं, पण खरा कुठला हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. काकांनाही नाही. मॅडमनी तिथे 'ग्राह्य नाही' असं लिहायला लावलं.

संध्याकाळी ओपीडी संपल्यावर आम्ही दोघी सगळ्या फायली घेऊन बसलो. मधे हुरड्याची पिशवी. घ्यावा की नाही यावर मॅडमनी दोन मिनिटं विचार केला आणि मग घेतला. काकांना दोष देऊन भागणार नव्हतं. चूक माझ्या पद्धतीत होती. मी कायम उजवा डोळा आधी घेते. शिकवलं तसं, सगळेच घेतात. म्हणजे ज्याचा उजवा डोळा जखमी, त्याला तक्ता पहिल्यांदा दुखऱ्या डोळ्यानेच वाचावा लागतो. आणि ज्याचा डावा, त्याला मी आधी चांगल्या डोळ्याने तोच तक्ता वाचायला देते. पाठ करायचं मनात नसलं तरी दोन-चार दिशा डोक्यात राहतातच. मोठ्या अभ्यासांत दोन डोळ्यांना दोन वेगळे तक्ते का ठेवतात हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. आमच्याकडे खिळा एक आणि तक्ता एक.

डाव्या डोळ्याच्या फायली वेगळ्या काढल्या. मॅडमच्या प्रबंधातला निकालांचा एक बऱ्यापैकी दिसणारा तक्ता त्या ढिगाखाली गेला. गाईड सर काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती, सर म्हणाले, "आहे तसं लिही, आणि सगळ्यांना परत बोलाव."

बोलवायचं काम माझ्याकडे आलं. नवा तक्ता मिरजेच्या दुकानातून आणला आणि दुसरा खिळा मी स्वतः ठोकला. मग फोन. कुणाची तोडणी चालू, कुणाची द्राक्षं पॅकिंगला आलेली, कुणाला भाडं परत मिळणार का याची काळजी. कवठेमहांकाळकडच्या एक आजी आहेत, हळद काढताना डोळ्यात कचरा गेलेल्या. त्यांना म्हटलं, आजी, एकदा परत यायला लागतंय.

"आता आनि कशाला गं? झाली की तपासणी."

"तक्ता बदललाय आजी."

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता दिसंल व्हय?"