सोलापूरची पिल्ली

सोलापुरात मी दोन दिवस होते. सिद्धेश्वराचं देऊळ, तलाव, शेजारचा भुईकोट किल्ला हे सगळं पहिल्याच सकाळी नऊच्या आत पाहून घेतलं, कारण एप्रिलात त्यानंतर तिथे रस्त्यावर उभं राहवत नाही. दोन चादरी घेतल्या. मला लिहायचंय ते मात्र दुसऱ्या दिवशीच्या रात्री नऊ ते अकरा या दोन तासांबद्दल.

माझी पहिली कादंबरी या वर्षी आली. विनोदी आहे. गोष्ट सांगणारी एक मांजर आहे, नाट्यगृहात जन्मलेली आणि तिथेच म्हातारी होत चाललेली. नटांचे रुसवे, बुकिंगच्या खिडकीवरची भांडणं, तिसऱ्या घंटेच्या आधीची धावपळ, सगळं तिच्या तोंडून. हे सुचलं लंडनच्या एका बोक्यावरून. तिथल्या जुन्या नाट्यगृहांत उंदरांच्या बंदोबस्ताला मांजर ठेवायची पद्धत होती. गिलगुड थिएटरमधल्या बोक्याचं नाव बीअरबोम, हर्बर्ट बीअरबोम ट्री या जुन्या नटावरून ठेवलेलं. तो १९९५ साली गेला तेव्हा 'द स्टेज' या नाट्यसाप्ताहिकाने त्याचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसून राहिले. आपल्याकडच्या विंगेत झोपणाऱ्या मांजरीचं कोण काय छापणार, असं मनात आलं आणि त्याच रात्री पहिलं प्रकरण लिहायला घेतलं.

लिहायला तीन वर्षं लागली. पुस्तक लोकांपर्यंत नेणं त्याहून अवघड आहे, हे आता कळतंय. प्रकाशक लहान आहेत, त्यामुळे गावोगाव जाऊन वाचन करायचं आणि उरलेल्या प्रती परत उचलून आणायच्या. त्यातही विनोदी पुस्तकाचं वाचन फार जिवावर येतं. कवितेला श्रोते गप्प राहिले तर ती दाद समजता येते. विनोदाला गप्प राहिले तर समजून घ्यायला काही उरत नाही.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस घेतली. दोन पिशव्यांत चाळीस प्रती. दौंडला इतकी माणसं चढली की एका बाईंनी माझ्या पुस्तकांच्या पिशवीवर आपलं बाळ झोपवलं आणि कुर्डुवाडीपर्यंत ते छान झोपलं. मला ते आवडलं. गाडीचं नाव ज्यांच्यावरून आहे ते चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. शहरातल्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाचं नावही त्यांच्याच आठवणीचं. ती चार नावं एकापाठोपाठ म्हटली की सोलापूर कसं आहे ते निम्मं कळतं. उरलेलं निम्मं मला एका मांजरीने सांगितलं.

कार्यक्रम एका नाट्यगृहातच होता. कुठल्या, ते मी लिहिणार नाही. तसं वचन दिलंय.

वेळ सहाची. सात वाजता सुरू झाला. शेकडो खुर्च्यांच्या त्या जागेत आम्ही तेवीस जण. प्रमुख पाहुणे पंचावन्न मिनिटं बोलले, आणि पुस्तक त्यांनी उघडलेलं नव्हतं हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसत होतं. मला याचा राग आला आणि अजून आहे. माणसं उन्हातान्हाची, दिवसभराचं काम आटोपून, हसायच्या आशेने येतात. त्यांचा तास असा खाऊन टाकायचा हक्क कुणालाही नाही. माझ्या वाट्याला शेवटची बारा मिनिटं आली. मी बाळंतपणाचं प्रकरण काढलं. त्यात मांजर नाटकाच्या कपड्यांच्या पेटाऱ्यात व्यायला बसते, आणि दुसऱ्या अंकाला नायिकेचा शालू नेमका त्याच पेटाऱ्यात असतो. 'बाळंतीण मी, आणि कळा मात्र कपडेपटवाल्याला' असं एक वाक्य आहे. माझं अतिशय लाडकं. ते वाचून मी थांबले.

कुणी हसलं नाही.

आणि मग अगदी मागून, दारापासून, एकच माणूस खळखळून हसला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो डोअरकीपर होता.

साडेआठला सभागृह रिकामं झालं. अकरा प्रती गेल्या. मी पिशव्या आवरत होते तेव्हा तो पुढे आला. पन्नाशी उलटलेला, पायात रबरी चपला, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिथे सगळे त्यांना मामा म्हणतात. म्हणाले, "ताई, ते पेटाऱ्याचं तुम्हाला कोण सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मनाने लिहिलं.

"मनानं कसं? ते आमच्यात झालंय की."

त्यांनी मला विंगेत नेलं. तिथे पडद्याच्या दोरांखाली, घडी घातलेल्या एका जुन्या काळ्या झालरीवर ती झोपलेली होती. करड्या पट्ट्यांची, एक कान जरा फाटलेला. आम्ही आलो तरी उठली नाही, एक डोळा उघडला आणि मिटला. तीन वर्षं मी जिला कागदावर बोलतं केलं होतं, ती अशी समोर झोपलेली पाहून मला काही सुचेना. मी खाली फरशीवरच बसले.

मामांनी सांगितलं ते असं. पूर्वी तिथे उंदरांनी उच्छाद मांडला होता. खुर्च्यांचा स्पंज जायचा, पडद्याच्या कडा कुरतडल्या जायच्या. एकदा दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरकडे जाणारी वायर कुरतडली गेली आणि ऐन प्रयोगात अर्धा रंगमंच अंधारात गेला. नट तसेच उजेडाच्या बाजूला सरकून बोलत राहिले. मामांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून ही उचलून आणली. पुढे कुणीतरी तक्रार केली, प्रेक्षागृहात मांजर फिरतं म्हणून, आणि तिला पोत्यात घालून लांब सोडून आले. नवव्या दिवशी ती चालत परत आली. "म्हणून नाव लिहू नका ताई. वरची लोकं वाचली तर परत पोतं आणतेत."

आता पेटाऱ्याची गोष्ट. एक दौऱ्यावरचं ऐतिहासिक नाटक आलं होतं. प्रयोग सुटायला साडेबारा झाले, टेम्पो भरला, दुसऱ्या दिवशी लातूरला प्रयोग होता. दोन तासांनी मामांना फोन आला. तुळजापूरला चहाला थांबलेत आणि राजांच्या कपड्यांच्या पेटाऱ्यातून आवाज येतोय. मामा उठले, शेजाऱ्याची मोटारसायकल मागितली. "पिल्ली झोळीत घातली आन् निघालो."

मी विचारलं, पिल्ली तर तुळजापुरात होती ना? मग झोळीत कोण?

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं. "पिल्ली म्हणजे आई की! आमच्या तेलुगूत मांजराला पिल्ली म्हणतेत."

म्हणजे बाळं भुकेली असणार म्हणून हा माणूस रात्री अडीच वाजता त्यांच्या आईला झोळीत घालून पंचेचाळीस किलोमीटर निघाला होता. वाटेत तिने त्यांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडला. वण अजून आहे, बाही वर करून दाखवला. तुळजापुरात सगळी मंडळी रस्त्यावर उभी होती, आणि कपडेपट सांभाळणारा गृहस्थ राजांचा शेला पसरून त्यावर तीन पिल्लं घेऊन फुटपाथवर बसला होता. आईने तिथेच, शेल्यावर, त्यांना पाजलं. टेम्पो अर्धा तास थांबला. कुणी तक्रार केली नाही.

मी हे लिहू शकले नसते. माझ्या पुस्तकात कपडेपटवाला नुसता ओरडतो.

तेवढ्यात मामी डबा घेऊन आल्या. मामा पद्मशाली या विणकर समाजातले, वडील मागावर होते, शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. मराठी सगळं समजतं, पण वाचायला वेळ लागतो. मामी विड्या वळतात आणि घरात, गल्लीत तेलुगूच बोलतात. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याची वाटी होती. मामांनी एक भाकरी मोडून दुधात भिजवून मांजरीसमोर ठेवली, दुसरी मोडून माझ्या हातात दिली. न विचारता. आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या लॉजवर पाण्याच्या बाटलीसाठी मला दोनदा खाली जावं लागलं होतं, त्यामुळे असेल, पण त्या भाकरीने माझा घसा दाटून आला.

मामा म्हणाले, "ताई, ते मघाचं परत वाचा. हिला ऐकू दे."

रंगमंचावर एकच दिवा ठेवलेला होता. मी लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्याच्या, पायरीवर बसले, ती दोघं समोर, रात्रपाळीचा वॉचमन खांबाला टेकून. मी एक वाक्य मराठीत वाचायचं, मामांनी ते तेलुगूत सांगायचं. सुरुवातीला ते अडखळत होते. मग अडखळणं थांबलं. मी एक ओळ वाचली की त्यांच्या तीन ओळी व्हायच्या, हात व्हायचे, मांजरीची मान व्हायची. मला एक शब्दही कळत नव्हता, पण विनोद कुठे येणार ते मला माहीत होतं. तो येईपर्यंत मी श्वास धरून बसायचे. आणि बाळंतिणीच्या वाक्याला मामींनी पदर तोंडाला लावला आणि हसता हसता त्या पुढे वाकल्या. वॉचमन मूळचा अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. तेलुगू त्यालाही नीट कळत नव्हतं, पण तोही हसायला लागला. मांजरीकडे बोट करून म्हणाला, "बेक्कू ऐकूलालंय बघा." कॅन्टीनचा पोरगा कप न्यायला आला तो "बिल्ली सोई नहीं?" म्हणून तिथेच बसला. एका मांजरीची चार नावं, आणि चारही तिला कळत होती. प्रत्येक हाकेला तोच फाटका कान हलायचा.

मी त्या रात्री तीन प्रकरणं वाचली. घसा बसला. पुण्यात, मुंबईत, चांगल्या सभागृहांत मी वाचलंय, तिथे माणसं सुजाणपणे हसतात आणि नंतर सही घेतात. माझं वाक्य माझ्या हातून सुटून, मला न येणाऱ्या भाषेत जाऊन, कुणाला असं पोट धरून हसवताना मी कधी पाहिलं नव्हतं. दोनदा मला चष्मा काढून पुसावा लागला.

शेवटी मामी काहीतरी म्हणाल्या. मामा अवघडून हसले, सांगेनात. मी आग्रह केला. "ती विचारूलालीय, सगळ्या गोष्टीत पोरांचा बाप कुठंय? बोका कुठं गेला?"

दोनशेचाळीस पानांत मी बोक्याला एक ओळ दिलेली नाही. मला ते सुचलंच नव्हतं. संपादकांनी विचारलं नाही, परीक्षण लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही. दिवसाला हजार विड्या वळून आलेल्या बाईने पहिल्या ऐकण्यात विचारलं. मी मामींना सांगितलं, पुढच्या पुस्तकात लिहीन. त्यांनी मान डोलावली, सोडून दिल्यासारखी.

मी एक प्रत काढून मामांच्या हातात दिली. त्यांनी मागचं पान उलटून किंमत पाहिली, खिशातून दोनशे ऐंशी रुपये मोजले. मी नको म्हटलं. खूप वेळा म्हटलं. "न्हाई ताई. तीस वर्षं दारावर हाय मी. फुकट पासवाला कधी हसत न्हाई, घड्याळ बघतो. पैसे दिलेला माणूस हसतो." नोटा त्यांनी माझ्या पिशवीच्या कप्प्यात स्वतः ठेवल्या. मला त्यांचं ऐकावं लागलं.

अठ्ठावीस प्रती उरल्या. त्या परत वाहून नेऊ नका म्हणाले. बुकिंगच्या खिडकीपाशी खोक्यात ठेवतो, प्रयोगाच्या मध्यंतरात लोक बघतील. मी ठेवून आले. सकाळच्या गाडीने परतताना दोन्ही पिशव्या रिकाम्या होत्या आणि एकीत कडक भाकऱ्यांची चळत होती. ती मला तीन आठवडे पुरली.

मे महिन्यात मामांनी नऊ प्रतींचे पैसे पाठवले, पै अन् पैचा हिशेब सांगून. मग जूनमध्ये, पुण्यात पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी, फोन आला.

"ताई, पुस्तकं आता दीड महिना विकता येणार न्हाईत."

मला धसका बसला. तक्रार झाली? पोतं आलं?

"न्हाई न्हाई. खोक्यात पिल्ली हाय."

मी विचारलं, मामा, पिल्ली म्हणजे मांजर की पिल्लं?

पलीकडून मामींचा हसण्याचा आवाज आला, आणि मग मामांचा.

"दोन्ही ताई. चार झालीत. आन् बोका पण येऊन बसलाय खिडकीत, तेवढं लिहून घ्या."